अंकलीचा फाटा

"अंकलीचा फाटा गेला काय गं?"

हेल्मेटमधल्या स्पीकरमधून आण्णांचा आवाज आला तेव्हा गाडीचा वेग ताशी एकशे तीस होता आणि मी ऑइलच्या काट्याकडं बघत होते. ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल असं मला वाटलं.

"काय म्हणालात?"

"फाटा गं, अंकलीचा. मागं गेला, का यायचाय अजून?"

कोल्हापूरहून मिरजेला जाताना जयसिंगपूरच्या पुढं अंकली लागते. तिथं रस्ता फुटतो, एक सांगलीला जातो आणि एक मिरजेला. आम्ही त्या वेळी तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब होतो. बेळगावच्या पुढं एका माळावर कुणा हौशी कारखानदारानं गाड्या पळवण्यासाठी ट्रॅक बांधला होता, त्यावर आमची चौथी फेरी चालली होती. अडीच किलोमीटरचा बंद रस्ता, नऊ वळणं, फिरून परत तिथंच. त्याला फाटा कुठून असणार?

आण्णा स्टिअरिंगवर बसले की थट्टा करत नसत. एरवीही फारशी करत नसत. मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. हेल्मेटच्या काचेतून फक्त डोळे दिसत होते. ते समोर बघत होते, शांतपणे, एखाद्या हमरस्त्याकडं बघावं तसे.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, माझे वडील, तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं मशीनशॉप माझ्या भावाकडं सोपवून त्यांनी मागची एक खोली स्वतःसाठी ठेवून घेतली होती आणि तिथं पाच वर्षं खपून ही गाडी बनवली होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, एका जुन्या छोट्या गाडीचं इंजिन, दोन सीटा. दारं नाहीत, टप नाही, काच नाही. पेडलना सुद्धा भोकं पाडून त्यांनी वजन कमी केलं होतं. गूळ बाजारातल्या वजनकाट्यावर चढवली तेव्हा ती पाचशे पंचेचाळीस किलो भरली. काट्यावरचा माणूस म्हणाला, "बाकीची गाडी कुठाय?" हिदायतचाचांनी तिला हिरवा रंग दिला आणि नाव ठेवलं टोळ.

हिदायत मुल्ला हे आण्णांचे फिटर. पस्तीस वर्षं दोघं एका छताखाली काम करत होते. आणि तिसरी मी, त्रिशला. पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते आणि रविवार टोळाखाली उताणी पडून घालवत होते. ब्रेकचं ऑइल बदलणं, चाकं सरळ रेषेत आणणं, प्रत्येक नट टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापाला आवळणं ही माझी कामं. इंजिन मात्र आण्णांचं. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठल्या सिलिंडरात काय बिघडलंय ते आण्णा बरोबर सांगत. उद्यमनगरात लोक डॉक्टरला दाखवल्यासारखी त्यांना इंजिनं ऐकवायला आणत.

दर दोन महिन्यांनी आम्ही टोळ ट्रकवर घालून त्या ट्रॅकवर न्यायचो. शर्यत नसायची. हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावून पळवायचे. आण्णा चालवत, मी शेजारी बसून तापमान आणि ऑइलचा दाब सांगत असे. वाऱ्यात ऐकू येत नाही म्हणून चाचांनी मोटारसायकलवाले वापरतात तसला बोलायचा सेट दोघांच्या हेल्मेटमध्ये बसवला होता.

त्या सेटमधूनच आता आण्णा मला अंकलीचा फाटा विचारत होते.

पहिलं वळण आलं. त्यांनी नेमक्या जागी ब्रेक दाबला, गिअर उतरवला, टोळ आतल्या कडेला घासत गेली आणि बाहेर निघाली. नेहमीसारखं, कदाचित नेहमीपेक्षा सुंदर. मला हायसं वाटलं. म्हटलं, काहीतरी बरळले असतील.

"तुझ्या आईची गाडी नऊ दहाची आहे," आण्णा म्हणाले. "मिरजेला वेळेत पोचलं पाहिजे. एकटी फलाटावर उभी असेल ती."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

जानेवारीची सकाळ होती. शेजारी बसलेला माणूस माझा बापच होता. हात त्याचे होते, पाय त्याचे होते, पण तो इथं नव्हता. आणि त्याच्या पायाखाली टोळ होती.

त्या वेळी जे सुचलं ते मी केलं आणि ते चुकलं.

"आण्णा, आपण ट्रॅकवर आहोत. आई नाही आता. आण्णा, गाडी हळू करा."

त्यांनी मान वळवली. पूर्ण वळवली आणि माझ्याकडं बघत राहिले. समोर तिसरं वळण येत होतं.

"कोण आहेस तू?" ते म्हणाले.

"आण्णा, पुढं बघा!"

"आई नाही म्हणजे काय? काय बोलतेस तू?"

डावीकडची दोन चाकं रस्ता सोडून खडीत गेली. खालून पत्र्यावर दगडांचा मारा सुरू झाला, मागचं टोक बाहेर फेकलं गेलं आणि मला समोर रस्त्याऐवजी वाळलेलं गवत दिसलं. त्याच क्षणी आण्णांच्या हातांनी स्टिअरिंग उलटं फिरवलं, पाय ॲक्सिलरेटरवरून अर्धा उचलला, आणि टोळ एक हेलकावा खाऊन परत रस्त्यावर आली. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नव्हतं. त्यांचे डोळे अजून माझ्याकडंच होते.

मग त्यांनी मान सरळ केली. सेटमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. भेदरलेला श्वास.

आता एक शब्द चुकला तर दोघं संपलो, एवढं कळलं होतं. इंजिन बंद करायचा लाल स्विच होता, पण तो आण्णांच्या पलीकडं, उजव्या हाताला. मी चार पट्ट्यांनी सीटला करकचून बांधलेली, मी स्वतःच आवळलेल्या. माझा हात तिथवर पोचत नव्हता, आणि त्या वेगात पट्टे सोडले असते तर बाहेर फेकली गेले असते. स्टिअरिंगला झोंबावं तर इतकी हलकी गाडी, भोवऱ्यासारखी फिरली असती. आणि मागून एक मोठी काळी गाडी येत होती, आरशात तिचे दिवे मोठे होत चालले होते.

गाड्या थांबवायची जागा, म्हणजे पिट, तिच्यासमोरून आम्ही गेलो. सिमेंटच्या बुटक्या भिंतीमागं चाचा उभे होते, डोक्याला मफलर बांधून. त्यांनी नेहमीप्रमाणं हात वर केला. मी जीव तोडून हात हलवला. त्यांना वाटलं मी खुशीत आहे. त्यांनी परत हात हलवला.

पाचवी फेरी सुरू झाली आणि आण्णा वेग वाढवायला लागले.

"नऊ वाजले असतील," ते म्हणाले. "हिला उशीर चालत नाही. बोलत नाही काही, पण मनात ठेवते."

"हो," मी म्हणाले.

"तुम्ही कोण, हिची पाहुणी काय?"

"हो."

त्यानं ते जरा निवांत झाले. काटा एकशे चाळीसवर गेला. काळी गाडी शेजारून सूं करून निघून गेली, इतक्या जवळून की टोळ हलली. आण्णा म्हणाले, "एस.टी.वाले कसे मारतात बघा."

पुढचं सहावं वळण मला पाठ होतं. रस्ता डावीकडं वळतो. सरळ समोर जुन्या टायरींच्या दोन ढिगांमध्ये एक लोखंडी फाटक आहे, ॲम्ब्युलन्सला आत यायला. फाटकामागून कच्चा रस्ता निघतो. मला ते लांबून दिसलं आणि तेच आण्णांनाही दिसलं.

"हा बघा," ते आनंदानं म्हणाले. "आला फाटा."

ब्रेकची जागा आली आणि गेली. पाय हलला नाही. फाटक बंद होतं, त्याला साखळी होती, साखळीला कुलूप होतं. कुलपाचा पितळी रंग मला दिसला. हातांना वळण ठाऊक होतं, पण या वेळी आण्णांनी हातांना मुद्दाम सरळ धरलं होतं. त्यांना मिरजेला जायचं होतं.

मी ओरडले, "हिदायत राहिला! आण्णा, हिदायत मागं राहिला!"

तेच का सुचलं, मला माहीत नाही. कदाचित पस्तीस वर्षांत ते कुठंही हिदायतला सोडून गेले नव्हते म्हणून.

आण्णांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पट्टे माझ्या खांद्यात रुतले, पुढची चाकं कर्कश ओरडली, जळक्या रबराचा वास आला, आणि हातांनी आपलं आपण डावीकडं घेतलं. मागचं चाक टायरींच्या ढिगाला घासून गेलं. टोळ आडवी होत होत सरळ झाली.

"कुठं राहिला?" आण्णांनी विचारलं. आवाजात काळजी होती.

"पुढं उभा आहे. दारात, हत्यारांची पेटी घेऊन. त्याला घेऊ आणि मग जाऊ."

"त्याला घेतल्याशिवाय कसं जायचं?"

"तेच म्हणतेय. सावकाश घ्या. उजवीकडं ठेवा. तिसरा गिअर. आता दुसरा."

ते ऐकत गेले. उरलेली तीन वळणं आम्ही सायकलीच्या वेगानं घेतली. मागच्या गाड्या हॉर्न मारत बाजूनं जात होत्या. मी एकसारखी बोलत होते, हिदायत असा उभा आहे, मफलर बांधलाय, वाट बघतोय. पिटमध्ये शिरल्यावर चाचा खरंच दिसले आणि आण्णा म्हणाले, "ह्यो काय, हाय की."

मी पट्टे सोडून पलीकडं झेप घेतली आणि लाल स्विच दाबला.

आण्णांनी हेल्मेट काढलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते. ते थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग त्यांनी टायरीला घासलेला मागचा पत्रा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "आत का घ्यायला लावलीस त्रिशला? दहा मिनिटं होती की अजून."

मला रडू फुटलं नाही. भीती गेली असती तर फुटलं असतं.

"तुम्हाला आठवत नाही?"

"काय?"

"मघाशी... आईबद्दल तुम्ही..."

"आईचं काय?" त्यांनी भुवया आक्रसल्या. "बरं वाटत नाही का तुला? तोंड पांढरं पडलंय. तू बस सावलीला. साडेदहाच्या पाळीला मी एकटाच जातो."

ते हात धुवायला नळाकडं गेले. चाल नेहमीची होती, ताठ. मी चाचांना गाडीमागं ओढलं आणि सगळं सांगितलं. ते टोळाच्या चाकाकडं बघत ऐकत राहिले. त्यांना नवल वाटलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

"चाचा?"

"मागच्या महिन्यात मालकांनी मला दुकानाच्या दारात विचारलं होतं, घरी कुठल्या बाजूनं जायचं म्हणून," ते म्हणाले. "मी घरापर्यंत गेलो सोबत. दुसऱ्या दिवशी त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी कुणाला काय सांगणार ताई? मालकाविषयी असं कसं बोलायचं?"

"आता त्यांना परत जाऊ द्यायचं नाही."

"सांगून ऐकतील?"

ऐकणार नव्हते. तुम्हाला विसर पडतोय असं म्हटलं असतं, तर पडत नाही हे दाखवायला ते आणखी जोरात गेले असते. साडेदहाला अर्धा तास होता. आण्णा रुमालाला हात पुसत परत आले, खाली वाकून चाक तपासलं, पत्रा हातानं दाबून बघितला आणि म्हणाले, "काही नाही, खरचटलंय. सुरू कर."

मी टोळ सुरू केली. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. तो आवाज मला पाठ होता, त्यात केसाएवढाही दोष नव्हता.

"आण्णा," मी म्हणाले, "खटखट येतेय."

"कसली?"

"इंजिनात. खालून. म्हणून तर आत घ्यायला लावली."

त्यांनी डोकं तिरकं करून ऐकलं. "नाही."

"येतेय आण्णा. बारीक आहे. दोन नंबरला."

त्यांनी पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनवर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. परत दोन. बराच वेळ. आजूबाजूला गाड्या गुरगुरत होत्या, पण ते त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी डोळे उघडले.

"काही नाही गं."

"तुम्हाला येत नाही? मला तर स्पष्ट येतेय."

आता मागं फिरता येत नव्हतं. मी चाचांकडं वळले. "चाचा, तुम्ही ऐका."

हिदायतचाचांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. पस्तीस वर्षांत तो माणूस आण्णांशी कामाच्या बाबतीत एक शब्द खोटा बोलला नव्हता. पाना चुकला तर चुकला म्हणून सांगत, भाग बिघडवला तर बिघडवला म्हणून. त्यांनी मूठ कानाला लावली. माझ्याकडं बघितलं नाही, आण्णांकडंही नाही.

"आवाज येतोय मालक," ते म्हणाले. "दोन नंबरला. खालची बेअरिंग असंल."

आण्णा आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मी त्यांना रागावलेलं बघितलं होतं, आई गेली तेव्हा रडतानाही बघितलं होतं. घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत घेतला आणि कानाला लावला. टोक दोन नंबरवरून उचललं आणि परत तिथंच टेकवलं.

"हां," ते हळूच म्हणाले. "येतोय. येतोय की. बारीक आहे."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं स्विच बंद केला. परतीच्या वाटेवर निपाणीच्या अलीकडं ट्रकमध्ये आण्णांनी एकदा उजव्या कानात बोट घालून हलवलं आणि काढलं.

दोन महिन्यांनी डोळे तपासायच्या निमित्तानं मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. तिथून आणखी एका डॉक्टरांकडं. आजाराचं नाव कळलं. त्यावर औषध आहे पण उपाय नाही, हेही कळलं. आण्णांना आम्ही रक्तदाब सांगितला.

इंजिन त्यांनी ट्रॅकवरून परत आल्यावर त्याच आठवड्यात उघडलं होतं. खटखट शोधायला. आधी हेड काढलं, मग पिस्टन, मग क्रँक. दोष सापडेना, म्हणून गिअरबॉक्स उघडली. मग मागची अ‍ॅक्सल. उन्हाळा गेला, गणपती आले. खोलीत जमिनीवर पत्र्याचे ट्रे मांडलेले असत आणि प्रत्येकात कागदाची चिठ्ठी. पहिल्या चिठ्ठ्या त्यांच्या त्या सुरेख, उभ्या अक्षरात होत्या. 'दोन नंबर, कनेक्टिंग रॉड, डावा बोल्ट.' पुढं अक्षर पसरत गेलं. एका ट्रेत 'बोल्ट' एवढंच. खिडकीखालच्या ट्रेत नुसतं 'हे'.

चाचा दारात स्टुलावर बसून राहत. मी एकदा म्हणाले, "चाचा, आपण काय केलं हे?"

"गाडी उभी आहे ना ताई," ते म्हणाले. पण माझ्याकडं न बघता.

दिवाळीच्या आधल्या रविवारी आण्णांनी मला हाक मारली. त्या दिवशी त्यांना माझं नाव आठवत होतं.

"त्रिशला, इकडं ये. सापडलं."

त्यांच्या तळहातावर बेअरिंग होती, अर्ध्या बांगडीसारखी वाकलेली चकचकीत पट्टी. दोन नंबरची. ती त्यांनी उजेडाकडं धरली.

"हे बघ. इथं. खाल्लीय."

मी ती घेऊन अंगठा फिरवला. आरशासारखी गुळगुळीत होती. एक ओरखडा नव्हता. अशी बेअरिंग अजून दहा वर्षं चालली असती.

"दिसलं?"

"दिसलं आण्णा."

"मी तेव्हा मनातून चिडलो होतो तुझ्यावर. म्हटलं, पोरगी उगाच भ्याली आणि हिदायतनं तिची री ओढली. पण तुझा कान बरोबर होता. चूक माझी. बसवताना माझीच नजर गेली नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्या दिवशी आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या तर इंजिन जाम झालं असतं. दोघं मेलो असतो."

दारात स्टूल सरकल्याचा आवाज झाला. चाचा उठून बाहेर गेले होते.

"आता नवीन बेअरिंग घालू आणि जोडून टाकू," आण्णा म्हणाले. ते खुशीत बाह्या सारत ट्रेंकडं वळले. पहिल्या रांगेकडं बघितलं, मग दुसऱ्या. खिडकीपर्यंत सगळे ट्रे बघून झाले. सारलेली बाही त्यांनी परत खाली ओढली.

"काय काय आहे गं हे?" त्यांनी विचारलं.

मी जमिनीवर बसले, त्यांना शेजारी बसवलं आणि पहिला ट्रे पुढं ओढून त्यातली चिठ्ठी वाचून दाखवायला सुरुवात केली.